अजमास आणि झडती : बांधकामाचा खर्च आधी सांगण्याची विद्या



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. ज्या कोणी ती प्रथम उच्चारली त्याचा खर्चाचा अंदाज खास चुकलेला असला पाहिजे. आरंभी मनाशी धरलेला आकडा आणि शेवटी पदरातून गेलेला आकडा यांचा मेळ बसत नाही, हे दोन्ही कार्यांचे समान दुखणे होय. पैकी लग्नाचा विषय अधिक अनुभवी वक्त्यांवर सोपवून मी आज घराकडे वळतो; आणि घराबरोबरच पूल, कालवा, धरण या साऱ्यांकडे. काम सुरू होण्यापूर्वी त्याचा खर्च सांगणारा माणूस आपण कसा तयार केला, ही विद्या तरुणांस कोणी, कोठे आणि कोणत्या पद्धतीने शिकविली, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

धरमपेठेतील श्रोत्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. ऐसपैस अंगणाचे जुने बंगले उतरवून त्यांच्या जागी अनेक मजली इमारती उभ्या राहताना आपण रोज पाहतो. अशा प्रत्येक कामावर बावीस-तेवीस वर्षांचा एखादा इंजिनिअर हातात कागद घेऊन उभा असतो. त्या कागदावरील आकडे कोठून आले हे त्याला ठाऊक आहे की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. घरमालकाची आयुष्याची पुंजी त्यावर अवलंबून असते, ठेकेदाराची पत असते आणि माथ्यावर घमेले वाहणाऱ्या रेजेची मजुरीही असते.

ही विद्या इंग्रजांबरोबर आली असा एक समज आहे. तिचे आजचे स्वरूप इंग्रजी अमदानीत सिद्ध झाले हे खरे; परंतु तिचा गाभा आपल्या दप्तरांत त्यापूर्वीच होता. पेशवाईतील हिशेबाच्या पद्धतीत दोन शब्द वारंवार येतात. एक ‘अजमास’ आणि दुसरा ‘झडती’. प्रांताचा वसूल किती येईल आणि खर्च किती होईल याचा वर्षारंभीचा अंदाज तो अजमास. पुण्याच्या दप्तरखान्यात ‘प्रांत अजमास’ या नावाचे रुमालच्या रुमाल आहेत. वर्ष सरल्यावर प्रत्यक्ष काय आले, काय गेले, याचा कलमवार हिशेब म्हणजे झडती. आज झडती म्हटले की आपल्याला पोलिसांनी चाचपलेले खिसे आठवतात. मूळ अर्थ अधिक भारदस्त होता. ज्याने अजमास घेऊन मामलत पत्करली त्याला झडतीला सामोरे जावेच लागे, आणि त्या झडतीवरून पुढच्या सालचा अजमास दुरुस्त होई. या दोन शब्दांची जोडी ध्यानात ठेवावी, अशी माझी आपणांस विनंती आहे. कारण पुढील दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हा या जोडीचा, आणि ती कोठे कोठे फुटली त्याचा इतिहास आहे.

आता १८५४ या सालाकडे यावे. तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि पुढच्याच वर्षी लॉर्ड डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. ही गोष्ट नागपूरकर विसरणे शक्य नाही. त्याच सुमारास याच गव्हर्नर जनरलने लष्करी मंडळाकडे असलेली रस्ते, कालवे, इमारती यांची कामे काढून घेऊन स्वतंत्र सार्वजनिक बांधकाम खाते उभे केले. आणि त्याच १८५४ साली पुण्यास ‘इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाची एक लहानशी शाळा निघाली. इमारती, धरणे, कालवे, रेल्वे आणि पूल यांच्या कामांवर हाताखालचे अधिकारी पुरवावेत हा तिचा उघड हेतू होता. १८६६ मध्ये ती मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली आणि आज आपण जिला पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज म्हणतो ती संस्था तिच्यातूनच वाढली. उत्तरेकडे रूडकीचे कॉलेज १८४७ पासून चालू होतेच.

‘हाताखालचे अधिकारी’ हे शब्द जरा थांबून ऐकण्यासारखे आहेत. वरच्या जागांसाठी साहेब विलायतेहून येत. त्यांच्यासाठी १८७१ ते १९०६ पर्यंत इंग्लंडात कूपर्स हिल येथे निराळे कॉलेजच चालविले गेले. खाली ओव्हरसियर, सब-ओव्हरसियर आणि मिस्त्री हे एतद्देशीय. अंदाजपत्रकावर सही वरची असे. पण साखळी धरून जमीन मोजणारा, खाणीपासून कामापर्यंतचे अंतर चालून पाहणारा आणि बाजारात चुन्याचा भाव विचारणारा माणूस खालचाच असे. आकडा खरोखर जाणणारा एक आणि आकड्याचा धनी दुसरा, ही फाळणी या खात्याच्या जन्मापासूनची आहे. तिचे बरेवाईट परिणाम पुढे दिसून आले.

तथापि त्या काळच्या खात्याने एक गोष्ट फार चांगली केली. त्याने नियमांच्या रूपाने अजमास आणि झडती यांची जोडी पक्की बांधली. काम काढण्यापूर्वी तपशीलवार अंदाजपत्रक हवे आणि त्यास तांत्रिक मंजुरी हवी. काम चालू असता झालेल्या प्रत्येक भागाचे माप मापवहीत उतरले पाहिजे. त्या वहीची पाने क्रमांकित असतात. पान फाडता येत नाही, खोडरबर चालत नाही. चुकलेला आकडा वाचता येईल असा खोडून शेजारी सही करावी लागते. खर्च मंजुरीच्या मर्यादेपलीकडे जाऊ लागला तर सुधारित अंदाजपत्रक कारणांसह पाठवावे लागते. आणि काम संपल्यावर पूर्णता अहवालात कलमवार लिहावे लागते, की अंदाज इतका होता, खर्च इतका झाला आणि फरक अमुक कारणाने पडला. हा पूर्णता अहवाल म्हणजेच आपली जुनी झडती, फक्त इंग्रजी पोशाखातली.

नव्या इंजिनिअरला ही विद्या शाळेत अर्धी मिळे आणि उरलेली कामावर. कोणती अर्धी कोठे मिळे, हे कळण्यासाठी अंदाजपत्रकात असते काय ते थोडे पाहिले पाहिजे. शास्त्रीय नावे बाजूस ठेवली तर त्यात तीनच प्रश्न आहेत : किती, कोणत्या दराने, आणि ठाऊक नाही त्याचे काय?

पहिला प्रश्न मापाचा. चाळीस फूट लांब, दहा फूट उंच आणि दीड फूट जाड अशी एक भिंत घ्या. ती सहाशे घनफूट झाली. तिच्यात चार फूट रुंद व सात फूट उंच असा एक दरवाजा आणि चार फूट चौरस अशा दोन खिडक्या असतील, तर त्यांचे नव्वद घनफूट वजा करावे. उरले पाचशे दहा. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे भिंत पाच ब्रासांहून थोडी अधिक. हा ‘ब्रास’ आपल्या महाराष्ट्राचा मोठा जिवट शब्द आहे. १९५६ च्या कायद्याने मीटर पद्धती आली, सरकारी कागदांवर घनमीटर आले. पण रेती आणि मुरूम घेऊन येणारा ट्रकवाला आजही ब्रासच बोलतो, आणि एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर हे तरुण इंजिनिअरला पहिल्याच आठवड्यात पाठ करावे लागते. हा मापाचा भाग शाळेत शिकविता येतो, आणि चांगला शिकविता येतो.

दुसरा प्रश्न दराचा, आणि येथे शाळेची भिंत संपते. एक ब्रास दगडी बांधकामाला दगड किती, रेती किती, चुना वा सिमेंट किती, गवंडी किती दिवस, मजूर किती दिवस, पाणी कोठून, परांची किती उंच, आणि माल किती अंतरावरून आणावयाचा? या शेवटच्याला खात्यात ‘लीड’ म्हणतात. सर्व घटक मांडून दर काढणे याला दरपृथक्करण म्हणतात, आणि असे दर एकत्र छापले की खात्याची दरसूची तयार होते. दरसूची हा सोयीचा ग्रंथ आहे. परंतु जो तिच्यातून नुसता आकडा उचलतो त्याला अंदाज करता येतो असे म्हणता येणार नाही. त्या आकड्याच्या पोटात कोणते अंतर आणि किती माणसांचे किती तास धरले आहेत, हे ज्याला सांगता येते तोच खरा जाणकार.

तिसरा प्रश्न अज्ञाताचा. अंदाजपत्रकाच्या तळाशी अनपेक्षित खर्चासाठी बहुधा शेकडा तीन ते पाच धरण्याची चाल आहे. पण अज्ञात सगळीकडे सारखे नसते. आपल्या नागपूरचेच पाहा. हे शहर दख्खनच्या काळ्या खडकाच्या पूर्वेकडील कडेवर वसलेले आहे. सीताबर्डीची टेकडी त्या काळ्या खडकाची. तेथून पूर्वेकडे गेले की भूमीची जातच बदलते. त्यातच काळी माती, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर जोते कोठे आणि किती खोल घ्यावे, हे दरसूचीत लिहिलेले नसते. दोनचार खड्डे खणून पाहणे हा शंभर रुपयांचा खर्च वाचविण्यासाठी लाखाचा अंदाज चुकविलेली उदाहरणे प्रत्येक जुन्या मिस्त्रीला तोंडपाठ असतात. हे ज्ञान खड्ड्याच्या काठावरच मिळते.

पुण्याच्या कॉलेजातून १८८३ साली बाहेर पडलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा पहिल्या नोकरीतील एक प्रसंग येथे आठवतो. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले आणि लवकरच खानदेशात पाठविले गेले. तेथे पांझरा नदीच्या प्रवाहाखालून नळाचे पाणी पार नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळ्यात नदीला पूर येऊ लागले, काम अडले. पाऊस सरेपर्यंत काम थांबवावे असे त्यांनी सुचविले. वरिष्ठांना ते रुचले नाही. तरुण अधिकारी आज्ञा पाळण्यास उत्सुक नाही असा त्याचा अर्थ घेतला गेला. अखेर त्यांनी पुरांशी झुंजत ते काम पुरे केले आणि वरिष्ठांची मर्जीही मिळविली. पाणी, पूर आणि वेळ यांचे गणित पुढे ज्या माणसाने आयुष्यभर मांडले, त्याचा पहिला धडा हा असा पावसात झाला. त्यांचेच नाव आज आपल्या शेजारच्या मोठ्या संस्थेस आहे, त्याकडे मी पुढे येणारच आहे.

खात्याच्या बाहेर आणखी एक शाळा होती, तिला ना इमारत ना परीक्षा. ती ठेकेदारांची. सरकारी इंजिनिअरचा अंदाज चुकला तर सुधारित अंदाजपत्रक पाठविता येते. ठेकेदाराचा चुकला तर घरातले सोने मोडावे लागते. म्हणून दर कसा पडतो हे ठेकेदार अधिक लवकर शिकत. महात्मा जोतीराव फुले हे समाजसुधारक म्हणून आपणांस परिचित आहेत. ते ठेकेदारही होते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. ‘पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी’ या व्यवसायाशी त्यांचा निकट संबंध होता आणि खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी बांधकामाचे सामान पुरविले होते. खडकवासल्याचे हे काम १८६९ ते १८७९ या काळातले. बांधकाम खात्यातील लाचलुचपत आणि मजुरांची होणारी नागवणूक यांवर जोतीरावांनी जे लिहिले, त्याला त्यामुळे अनुभवाची धार आहे. खोटे माप कोणाच्या खिशातून निघते हे त्यांनी जवळून पाहिले होते. ते सरकारच्या खिशातून निघते असे कागद म्हणतो. प्रत्यक्षात ते रोजंदारीवरच्या माणसाच्या ताटातून निघते.

पुढच्या पिढीत सोलापूरचे वालचंद हिराचंद याच वाटेने गेले. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून आरंभ केला. फाटकांस आतली कामे ठाऊक होती, वालचंदांस भांडवल उभारता येत होते. या जोडीतूनच वालचंदांचा ठेकेदारीतला पाया घातला गेला, आणि पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे करणारी मराठी मुलखातली ठेकेदारी उभी राहिली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. डोंगराच्या पोटात काय आहे हे कोणालाच दिसत नसताना बोगद्याचा आकडा बोलावयाचा, यापेक्षा कठीण अजमास नाही.

आता जोडी फुटली म्हणजे काय होते तेही पाहू. आगगाडीचे उदाहरण घेऊ. हिंदुस्थानात रेल्वे बांधणाऱ्या विलायती कंपन्यांना त्यांच्या भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी सरकारने दिली होती. नफा झाला नाही तरी व्याज आपल्या खजिन्यातून, म्हणजे रयतेच्या करातून, मिळणारच. मग खर्च काटेकोर धरण्याची गरज कोणास? आरंभी मैलास आठ हजार पौंड पडतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात सरासरी खर्च दुपटीहून अधिक झाला. १८६७ मध्ये जी. आय. पी. ची गाडी नागपूरला पोहोचली, कापसाला बाजार मिळाला, पुढे १८७७ मध्ये एम्प्रेस मिल निघाली. हे लाभ खोटे नव्हेत. परंतु अजमास करणाऱ्याला झडतीचे भय उरले नाही की काय होते, याचा हा पहिला मोठा धडा होता. हा दोष केवळ परक्या राज्याचा असेही नाही. खुद्द लंडनचे पार्लमेंट १८३४ मध्ये जळाले. नव्या इमारतीचा अंदाज सुमारे सात लाख पौंड होता. काम पुरे होईतो तो वीस लाखांच्या पुढे गेला. इंग्लंडात मापे घेऊन किंमत ठरविणारा स्वतंत्र व्यावसायिक त्या शतकात नावारूपाला आला, तो अशा अनुभवांच्या झळा लागूनच. आपल्याकडे तो व्यवसाय वेगळा रुजला नाही. ते ओझे इंजिनिअरच्याच खांद्यावर राहिले.

आपल्या गावातले एक चांगले उदाहरणही सांगितले पाहिजे. सिव्हिल लाइन्समधील हायकोर्टाची इमारत आपण सर्वांनी पाहिली आहे. नव्या दिल्लीच्या बांधकामात अनुभव घेतलेले वास्तुशिल्पी एच. ए. एन. मेड यांनी तिचा आराखडा केला. ९ जानेवारी १९३७ रोजी कोनशिला बसली आणि ६ जानेवारी १९४० रोजी तिचे उद्घाटन झाले. तीन वर्षांत चारशे फूट लांब आणि दोनशे तीस फूट रुंद जोत्यावर ही घुमटाची इमारत उभी राहिली. तिचा खर्च ७,३७,७४६ रुपये असा नोंदलेला आहे. या आकड्यातील शेवटच्या सेहेचाळीस रुपयांकडे मी आपले लक्ष वेधतो. ‘सुमारे साडेसात लाख’ असे म्हणून कोणी हात झटकले नाहीत. कोणीतरी शेवटपर्यंत बसून हिशेब मिटविला, म्हणून तो आकडा आज ऐंशीहून अधिक वर्षांनी आपल्याला सांगता येतो.

स्वातंत्र्यानंतर बांधकामाचा पसारा एकदम वाढला. धरणे, वीजघरे, कारखाने, वसाहती यांसाठी माणसे हवी झाली. नागपुरात १९१४ पासून सरकारी इंजिनिअरिंग शाळा होती. आजचे गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक ते हेच. १९५६ च्या जुलैत सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज निघाले, आणि १९६० मध्ये ते सामावून घेऊन केंद्र व राज्य सरकारांनी मिळून प्रादेशिक इंजिनिअरिंग कॉलेज उभे केले. १९६२ च्या ऑक्टोबरात त्यास विश्वेश्वरय्यांचे नाव देण्याचे ठरले. २००२ पासून ते राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था म्हणून ओळखले जाते. इकडे १९५८ मध्ये भारतीय मानक संस्थेने बांधकामाची मापे कशी घ्यावीत याचे प्रमाण प्रसिद्ध केले, त्यामुळे एका प्रांतातील घनमाप दुसऱ्या प्रांतात वेगळे निघण्याचा घोळ कमी झाला. बी. एन. दत्ता यांच्या पाठ्यपुस्तकावर विद्यार्थ्यांच्या कैक पिढ्या अंदाजपत्रक शिकल्या. पहिला प्रश्न, ‘किती?’, अशा रीतीने पक्का झाला.

परंतु दुसऱ्या प्रश्नाचे मोल काय असते, हे १९७२ च्या दुष्काळाने दाखविले. त्या दुष्काळात रोजगार हमीची कामे राज्यभर पसरली. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ मध्ये तो अमलात आला. या कामांवर मजुरी नुसत्या हजेरीवर मिळत नसे, ती केलेल्या कामाच्या मापावर मिळे. मऊ माती, कठीण माती, मुरूम, खडक यांचे दर निरनिराळे. कनिष्ठ इंजिनिअरने टेप लावून खड्डा मोजावा, जमिनीची जात ठरवावी आणि त्यावरून टोळीचा पगार निघावा. मुरुमाला मऊ माती लिहिले की संध्याकाळी चार घरांची भाकर अर्धी झाली. पाठ्यपुस्तकात दरपृथक्करण हे दहा गुणांच्या प्रश्नासारखे दिसते. चार दिवस स्वतः कुदळ चालविणाऱ्यांच्या शेजारी उभे राहून एका माणसाकडून दिवसात किती घनफूट निघते ते मोजलेला तरुण आणि न मोजलेला तरुण, या दोघांच्या लेखणीतला फरक त्या मजुरांना ताबडतोब कळे.

आणि शेवटी विदर्भाच्या जिव्हारी लागलेल्या एका उदाहरणाकडे यावेच लागते. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. १९८३ मध्ये त्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली तेव्हा खर्च ३७२.२२ कोटी रुपये धरला होता. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. २००५-०६ च्या दरांनी हाच आकडा ७,७७७.८५ कोटी झाला. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. २०१२-१३ च्या दरांनी तो १८,४९४.५७ कोटींवर गेला. मूळ आकड्याच्या जवळजवळ पन्नास पट! न्यायाने बोलावयाचे तर यात महागाईचा वाटा आहे. पण त्या तीस वर्षांत सर्वसाधारण भाव फार तर आठ-दहा पट वाढले. उरलेल्या पाच पटींचे काय? जमीन संपादन आणि पुनर्वसन यांचा खर्च आरंभी तोकडा धरलेला, कामाची व्याप्ती वाढत गेलेली, आराखडे मागाहून बदललेले, आणि लांबलेल्या प्रत्येक वर्षाने आधीचा आकडा निकामी केलेला. बुडणाऱ्या गावांची मोजणी हीदेखील अंदाजपत्रकातली एक ओळ असते. ती ओळ लहान लिहिली म्हणून गावे लहान होत नाहीत. अडीच लाख हेक्टरांना पाणी देण्याचे वचन त्या पहिल्या आकड्याच्या भरवशावर दिले गेले होते. आकडा फसला तेव्हा पैशाबरोबर शेतकऱ्याची पाण्यावाचूनची वर्षेही गेली, आणि ती कोणत्याही सुधारित अंदाजपत्रकात लिहिता येत नाहीत.

याला एकटे तरुण इंजिनिअर जबाबदार आहेत असे मी म्हणणार नाही. काम मंजूर व्हावे म्हणून आकडा लहान ठेवण्याचा मोह वरपासून असतो. मंजूर झाल्यावर तो वाढविण्याची खात्री असते. जेथे अजमास हा मंजुरीपुरता आणि झडती ही कपाटापुरती उरते, तेथे उत्तम शिकलेला माणूसही वाईट आकडा लिहावयास शिकतो. प्रशिक्षण वर्गात जितके होते त्याहून अधिक ते कचेरीत होते.

बांधकामाचा कारभार हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हे आपल्या उद्योगाला उशिरा का होईना पटले. १९८३ मध्ये, म्हणजे गोसीखुर्दच्या मंजुरीच्याच वर्षी, बांधकाम उद्योगाच्या पुढाकाराने राष्ट्रीय बांधकाम व्यवस्थापन व संशोधन संस्था निघाली. निकमार या नावाने ती ओळखली जाते आणि पुण्याजवळ बालेवाडीस तिचे मोठे विद्यालय आहे. पदवी घेतलेल्या तरुणांस तेथे अंदाज, ठेके, वेळापत्रक, खर्चावर नियंत्रण असे विषय शिकविले जातात. आता गणकयंत्रे आराखड्यावरून क्षणात मापे काढून देतात. भिंतीतून दरवाजा वजा करण्याचे राहिले, ही चूक आता यंत्र होऊ देत नाही. ही प्रगती स्वागतार्ह आहे. पण यंत्राने पहिला प्रश्न सोडविला. कन्हानची रेती या पावसाळ्यात मिळेल का, चांद्याचे सागवान परवडेल का, शेजारच्या जुन्या विहिरीमुळे पाया खोल घ्यावा लागेल का, हे प्रश्न जेथल्या तेथेच आहेत. त्यांची उत्तरे हिंडून, विचारून आणि खणून पाहूनच मिळतात.

मग तरुणांना शिकवावे कसे? इतिहास जे सुचवितो ते साधे आहे. ज्याने अंदाज केला त्यालाच कामावर ठेवावे, त्याच्याच हाती मापवही द्यावी आणि शेवटचे बिल होईपर्यंत त्याची बदली करू नये. काम संपल्यावर त्याने आपला पहिला कागद आणि शेवटचा कागद शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक कलमातील फरकाचे कारण एका ओळीत लिहावे. अंदाज चुकणे हा गुन्हा नव्हे. पावसाचे आणि बाजाराचे भविष्य कोणालाच सांगता येत नाही. चुकीचे कारण न लिहिणे हा मात्र अपराध समजावा, कारण त्याने पुढच्या माणसाचा धडा चोरीला जातो. अशा दहा कामांच्या दहा झडत्या एखाद्या कॉलेजने जमवून विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या, तर कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतकाच त्यांचा उपयोग होईल. बांधकाम खात्यांच्या कपाटांत असे पूर्णता अहवाल पडून आहेत. ते शिकविण्यासाठी बाहेर काढावयास कोणत्या नव्या कायद्याची गरज आहे असे मला वाटत नाही.

नागरिक म्हणून आपलेही यात काम आहे. नव्या पुलाची, रस्त्याची वा सभागृहाची कोनशिला बसते तेव्हा वर्तमानपत्रात खर्चाचा आकडा ठळक छापून येतो, आणि आपण तो वाचून पान उलटतो. तो नुसता अजमास असतो. काम पुरे झाल्यावर आपल्या नगरसेवकाला, आपल्या खात्याला, आणि स्वतःचे घर बांधणाऱ्यांनी आपल्या ठेकेदाराला एक प्रश्न विचारावा, की याची झडती कोठे आहे? हायकोर्टाच्या इमारतीचे शेवटचे सेहेचाळीस रुपये ज्यांनी लिहून ठेवले, त्यांना तो प्रश्न विचारला जाईल हे ठाऊक होते. आजच्या तरुणालाही ते ठाऊक असू द्यावे. त्याला नीट अंदाज करावयास शिकविण्याचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.